अंक चुकतो, तो कोणामुळे?

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ हा पर्याय दिला, तेव्हा महाराष्ट्रात उपहासाचा कल्लोळ उठला. समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांनी दाखविलेली अडचण मात्र खरी होती. मराठीत एकक आधी उच्चारतो, लिहिताना दशक आधी येतो. म्हणून मूल २७ ऐवजी ७२ लिहिते. शब्दांविषयी मतभेद असोत. पण हिंगोली जिल्ह्यातील गोरेगाव असो वा मुंबई, अशा मुलास ‘मंद’ ठरविणे अन्याय होय. दहा-दहा काड्यांच्या जुड्या बांधून दशक आधी त्याच्या हाती द्यावे, पाढे मागाहून. ‘निपुण भारत’ने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर अंकज्ञानाचे उद्दिष्ट ठेवले आहे. शिक्षकास तेवढी उसंत दिल्याखेरीज ते कागदावरच राहील.