मातीच्या भिंतीवरचा मोर



दिवाळी तोंडावर आली की कापूस वेचणीच्या गडबडीतही आपल्या घरच्या बायका भिंती लिंपायला आणि अंगण सारवायला वेळ काढतात. त्या कामाकडे पुरुषमाणूस सहसा बघत नाही. मीही बघत नव्हतो. म्हणून आज खत-फवारणीचा विषय बाजूला ठेवून थोडे भिंतीविषयी बोलू.

नोकरीच्या सुरुवातीला मी गावोगाव पत्र्याच्या कोठ्यांचा प्रचार करीत असे. मातीने लिंपलेल्या कणगीत उंदीर शिरतात, धान्याला सोंडे लागतात, ती फोडून टाका, असे मी सांगायचो. एका घरी आजीने कणगीवर मातीचा उठावाचा मोर काढलेला होता. ती म्हणाली, "सायेब, धान्य तं ठेवीन तुमच्या कोठीत, पण हा मोर कुठी ठेवू?" मी हसलो आणि पुढच्या घरी गेलो. वर्षभराने त्या घरी पत्र्याची कोठी आली होती. कणगी फुटली होती, मोरही गेला होता. धान्य सुरक्षित राहिले, तेवढे माझे म्हणणे बरोबर होते. पण माझे हसणे चुकीचे होते, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

ते कळले सेवाग्रामच्या बापू कुटीत. तिथे मी अनेकदा गेलो होतो, पण भिंतीकडे नीट पाहिले नव्हते. बांबू, माती आणि कौलांच्या त्या घरात भिंतीवर मातीच्याच उठावाने झाडे आणि चरखा काढलेला आहे. हा हात मीराबेनचा. ही बाई मूळची इंग्लंडची. जन्म 1892 चा, नाव मॅडेलिन स्लेड, वडील इंग्रजांच्या आरमारातले मोठे अधिकारी. 1925 साली ती साबरमतीला गांधीजींकडे आली आणि पुढे आपल्या वर्धा भागात राहिली.

आधी वर्ध्याजवळच्या सिंदी गावात तिने सफाईचे काम हाती घेतले. रोज रस्ते झाडले, घाण उचलली, तरी लोकांच्या सवयी लवकर बदलल्या नाहीत. मग ती शेगावात आली. 1936 च्या एप्रिलअखेर गांधीजीही तिथे राहायला आले. तेच शेगाव 1940 पासून सेवाग्राम झाले. आज ज्या घराला आपण बापू कुटी म्हणतो ते आधी मीराबेनचे घर होते, गांधीजी नंतर तिथे राहू लागले.

आरमारी अधिकाऱ्याच्या मुलीने ठरवले असते तर विलायती रंग मागवता आले असते. तिने हात घातला तो आपल्याच मातीत. मला वाटते, बाहेरून शिकवायला येणाऱ्याने आधी गावाकडून काय शिकावे, ते त्या भिंतीवर लिहिलेले आहे. मीही बाहेरूनच येणारा माणूस, म्हणून ते मला लागले.

पुढे 1944 साली देवीप्रसाद हे चित्रकार सेवाग्रामला आले. ते मूळचे डेहराडूनचे, शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेले. नई तालीमच्या शाळेत मुले शेती करीत, सूत कातीत, तिथे त्यांनी चित्रकला शिकवली आणि स्वतः कुंभारकामही केले. चित्र हे श्रीमंताच्या पोराचे लाड नव्हेत, हात आणि डोळा तयार करणारे शिक्षण आहे, अशी त्यांची धारणा होती. 1962 साली ते युद्धविरोधी कामासाठी इंग्लंडला गेले. त्याआधीची अठरा वर्षे त्यांनी आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना दिली.

आता थोडे कामाचे. नुसत्या काळ्या मातीने भिंत लिंपू नका. ती पाण्याने फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. पांढरी माती घ्या, त्यात गव्हाचा बारीक भुसा आणि शेण मिसळा, पाणी घालून काही दिवस भिजू द्या आणि पायाने चांगली तुडवा. उठावाचे चित्र काढायचे तर भिंत आधी ओली करा आणि माती पातळ थरांनी चढवा. एकदम जाड थर दिला तर तो सुटून पडतो. पावसाची झड लागणाऱ्या बाजूला चित्र काढू नका.

आता बहुतेक घरे सिमेंटची झाली, त्याला माझी ना नाही. धान्यही पत्र्याच्या कोठीतच ठेवा. पण गोठ्याची, ओसरीची एखादी मातीची भिंत शिल्लक असेल तर यंदा ती घरातल्या आजीच्या आणि नातीच्या हाती द्या. आजी सांगेल, नात काढेल. आणि कुणी साहेब येऊन हसला, तर त्याला आधी भिंतीपाशी बसवा आणि माती तुडवायला लावा.