काळी रेघ

लाकडी जहाजाची प्रतिकृती करणाऱ्याला एक प्रश्न हटकून विचारला जातो, "हे सगळं कशासाठी?" मी पडलो मराठीचा मास्तर, असल्या प्रश्नाची मला सवय आहे!

सध्या माझ्या टेबलावर 'त्रिंकोमाली' आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेली ही सागवानी युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. माझी प्रतिकृती तिच्याहून ४८ पटींनी लहान; म्हणजे २४ फुटांची फळी माझ्याकडे ६ इंचांची होते. डेकवर शेजारच्या दोन फळ्यांची टोकं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. विटांच्या भिंतीचाच न्याय! चिकटवण्याआधी प्रत्येक फळीची कड शिसपेन्सिलीने काळी करायची. सरस वाळला की बारीक सँडपेपर, आणि शेवटी तेलाचा पातळ हात. चकाकी मात्र नको. खलाशी काही आरशावरून चालत नाहीत.

पाहुण्यांना ती काळी रेघ म्हणजे नक्षी वाटते. खऱ्या जहाजात त्या फटीत जुन्या दोरखंडांचे तंतू ठोकून वर डांबर ओतलेलं असे. ती सांध उकलली की पाणी खाली झोपलेल्या माणसांच्या अंगावर, आणि हळूहळू तुळयांच्या मुळावर! वाडियांचं नाव आपण अभिमानाने घेतो. फटी बुजवणाऱ्यांचं नाव कुणाच्याच ओठी नाही. त्यांच्यासाठी एवढी रेघ तरी सरळ यायला नको का?