उत्क्रांती नव्हे, कायापालट!

– द्वितीय वर्ष, कला शाखा

पोकेमॉनसारख्या विषयाला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात जागा द्यावी की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकतील. प्राध्यापकवर्गाला हा निव्वळ पोरखेळ वाटेल. मित्रमैत्रिणींना वाटेल, खेळायची गोष्ट खेळावी, तिच्यावर लेख कसला लिहायचा? परंतु एका जिवाचे दुसरे रूप कसे व्हावे, केव्हा व्हावे, आणि त्याला ते नको असेल तर काय, हे प्रश्न ज्या खेळात पावलोपावली येतात त्याला पोरखेळ म्हणून मोडीत काढायला मी तयार नाही.

ज्यांचा या विश्वाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. सातोशी ताजिरी या जपानी गृहस्थांच्या गेम फ्रीक या संस्थेने फेब्रुवारी १९९६ मध्ये गेम बॉय या हातात मावणाऱ्या यंत्रासाठी हा खेळ बाजारात आणला. त्यात १५१ काल्पनिक प्राणी होते. आज ती संख्या हजाराच्या वर गेली आहे. प्राणी पकडायचे, सांभाळायचे, त्यांच्या लढती लावायच्या, असा हा खेळ. लढता लढता प्राण्याची लेव्हल वाढते आणि ठराविक लेव्हलला तो अंगभर उजळून निघतो व नवे रूप घेतो. त्यावरची कार्टून मालिका आपल्याकडे २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर आली. आमच्या पिढीने ती हंगामा वाहिनीवर हिंदीतून पाहिली. डिसेंबर २०१६ मध्ये पोकेमॉन गो हा मोबाईलवरचा खेळ भारतात अधिकृतपणे सुरू झाला आणि निगडीच्या दुर्गा टेकडीवर पहाटे फिरणाऱ्या आजोबांच्या मागे मोबाईलमध्ये डोके घातलेली मुलेही फिरू लागली.

या रूप बदलण्याला खेळात ‘इव्हॉल्यूशन’ म्हणतात. पोरेही ‘माझा इव्हॉल्व्ह झाला’ असेच म्हणतात. मराठीत त्याला उत्क्रांती म्हणावे, तर ते मला साफ चुकीचे वाटते. डार्विनने १८५९ च्या ग्रंथात जी मांडली ती उत्क्रांती एका जिवाची नसते. ती पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि अमुक एका रूपाला जाऊन पोहोचायचे असे तिचे काही ठरलेले नसते. पोकेमॉनमध्ये घडते ते निराळे. कॅटरपी ही हिरवी अळी सातव्या लेव्हलला मेटापॉड नावाचा कोश होते आणि दहाव्या लेव्हलला त्या कोशातून बटरफ्री हे फुलपाखरू निघते. हे तर आपण रस्त्याकडेच्या रुईच्या झाडावर पाहतो! पट्ट्यापट्ट्यांची अळी, मग लोंबणारा कोश, मग केशरी फुलपाखरू. याला आपल्या भाषेत कायापालट हा चांगला शब्द आहे.

खेळाच्या मुळाशी कीटक असावेत, यात नवल नाही. ताजिरींना लहानपणी किडे गोळा करण्याचा भारी नाद होता. ते वाढले तो टोकियोजवळचा माचिदा हा भाग तेव्हा शेतांचा आणि तळ्यांचा होता. पुढे शहर पसरत गेले, तळी बुजली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या आणि किडे दिसेनासे झाले. शहरातल्या मुलांनाही किडे शोधण्याचा आनंद मिळावा, या इच्छेतून आपला खेळ जन्मला, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे. हे आपण लक्षात ठेवावे, कारण लेखाच्या शेवटी मला इथेच यायचे आहे.

आता मुख्य मुद्दा. ‘शेवटचे रूप तेच खरे, जितक्या लवकर तिथे पोहोचाल तितके बरे’ असे मानणारा खेळाडूंचा एक मोठा पक्ष आहे. हे चारिझार्डचे अभिमानी. त्यांना छोटा चारमँडर म्हणजे केवळ सोळाव्या आणि छत्तिसाव्या लेव्हलपर्यंतची अडचण वाटते. माझे मत याच्या उलट आहे. रूप किती मोठे झाले यापेक्षा ते कशाने झाले आणि होताना जुन्यातले काय बरोबर आले, यावर मी कायापालटाची किंमत ठरवते.

मॅजिकार्पचे उदाहरण घ्या. हा लाल मासा नुसता तडफडतो. त्याच्या उडीने समोरच्याला ओरखडाही उठत नाही. पण विसाव्या लेव्हलला त्याचा ग्याराडोस होतो आणि समोरच्याची पळता भुई थोडी होते. पिवळ्या नदीवरचा धबधबा उडी मारून चढणारा मासा ड्रॅगन होतो, अशी चिनी दंतकथा आहे. तिचाच हा अवतार. पोकेमॉन गोमध्ये यासाठी ४०० कँडी लागतात, आणि मॅजिकार्पला सोबती करून चालले तर किलोमीटरला एक कँडी मिळते. म्हणजे केवळ चालून मिळवायचे म्हटले तर आळंदीहून पंढरपूरला पायी जाऊन निम्म्याहून अधिक वाट पायीच परत यावे लागेल! म्हणूनच ग्याराडोसची दहशत खोटी वाटत नाही. तिच्यामागे ते सगळे फुकट गेलेले तडफडणे उभे असते.

याउलट राईचू. पिकाचूला थंडर स्टोन हा दगड दिला की तो क्षणात राईचू होतो. कष्ट नाहीत, वाट पाहणे नाही. पण जुन्या खेळांत दगडाने झालेल्या राईचूला पुढे लेव्हल वाढवूनही फारसे नवे डाव शिकता येत नाहीत. जे शिकायचे ते पिकाचू असतानाच. मालिकेच्या सुरुवातीच्याच एका भागात ॲशचा पिकाचू लेफ्टनंट सर्जच्या राईचूकडून सपाटून मार खातो. इस्पितळात त्याच्यापुढे तो दगड ठेवला जातो आणि तो शेपटीने उडवून देतो. दुसऱ्या दिवशी तो जिंकतो, कारण राईचूला घाईने मोठे केल्यामुळे चपळाईचे डाव त्याच्या अंगी कधी आलेच नव्हते. सहावीसातवीत हा भाग मला केवळ शूरपणाचा वाटला होता. आता त्यात शिक्षणाबद्दलही काही सांगितलेले दिसते.

मागे काय उरते, याचे सर्वांत विलक्षण उदाहरण २००२ च्या रूबी आणि सफायर या खेळांतले आहे. निनकाडा हा जमिनीतला किडा विसाव्या लेव्हलला निंजास्क होऊन उडतो. त्या वेळी तुमच्या चमूत जागा रिकामी असेल तर तिथे गुपचूप आणखी एक पोकेमॉन येऊन बसतो: शेडिंजा, म्हणजे टाकून दिलेली कात! पावसाळ्याच्या सुमारास झाडाच्या खोडाला अशी रिकामी कात चिकटलेली पुष्कळांनी पाहिली असेल. या शेडिंजाचे बळ कायम एकच असते, कितीही लेव्हल वाढवा. उडून गेलेल्याचे कौतुक सगळेच करतात. मागे राहिलेल्या टरफलालाही जीव असू शकतो हे ज्याला सुचले त्याला माझा नमस्कार.

एका बदनाम पोकेमॉनची बाजूही मला घ्यायची आहे. २०१० च्या ब्लॅक आणि व्हाइट या खेळांत क्लिंक नावाचा पोकेमॉन आला: एकमेकांत अडकलेले दोन गिअर. अडतिसाव्या लेव्हलला त्यात एक मोठा गिअर वाढतो आणि क्लँग होतो. एकोणपन्नासाव्या लेव्हलला आणखी चक्रे जोडून क्लिंकलँग. ‘गिअरला गिअर जोडला, याला काय रूप बदलणे म्हणतात?’ म्हणून जगभरचे चाहते हसले. माझे वडील भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये गिअर कापण्याच्या मशीनवर आहेत. त्यांना मी तिन्ही चित्रे दाखवली. ते म्हणाले, ‘‘अगं, मोठा गिअर लावला म्हणजे फेरे कमी झाले आणि ताकद वाढली. बदल नाही कसा?’’ ज्यांनी दाते मोजलेले नाहीत त्यांना तो बदल दिसत नाही, इतकेच. पिंपरी-चिंचवडच्या मुलांनी तरी क्लिंकला हसू नये.

काही पोकेमॉन मुख्य खेळांत अदलाबदल केल्याशिवाय बदलतच नाहीत. कडाब्रा मित्राला पाठवला की तिकडे पोहोचताच त्याचा अलाकझाम होतो. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर रूप बदलायचे आणि नावही बदलायचे! आपल्याकडे लग्नात ताटभर तांदळात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितात, त्याची मला इथे आठवण होते. परंतु खेळाचा नियम आपल्या रीतीपेक्षा उदार आहे. तुम्ही पोकेमॉनला स्वतः एखादे लाडके नाव ठेवलेले असेल, तर रूप बदलले तरी ते नाव टिकते. आणि असा नाव ठेवलेला पोकेमॉन दुसऱ्याकडे गेला, तर नव्या मालकाला ते बदलता येत नाही. खेळात नावे बदलून देणारे एक पात्र आहे, तेही अशा वेळी साफ नकार देते. माझ्या मैत्रिणींनी या नियमाचा जरूर विचार करावा.

मोठे होणे म्हणजे चांगले होणे, हा समजही हा खेळ मोडतो. ग्रायमर हा सांडपाण्याच्या गाळातून जन्मलेला. तो मोठा होऊन मक होतो, म्हणजे अधिक गाळ, अधिक दुर्गंधी. कॉफिंग हा विषारी वायूचा फुगा. त्याचा वीझिंग होतो तेव्हा दोन फुगे होतात. गेल्या काही वर्षांत आळंदीला इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर अनेकदा तरंगताना दिसले. ते पाहिलेल्या माणसाला मक समजावून सांगावा लागत नाही. पण २०१९ च्या स्वोर्ड आणि शील्ड या खेळांत त्याच वीझिंगचे एक निराळे रूप आले. कारखान्यांनी हवा नासवली त्या काळात हा बदलला, डोक्यावर धुराड्यासारख्या टोप्या आल्या, आणि तो घाण हवा आत घेऊन स्वच्छ हवा बाहेर सोडू लागला. एकाच कॉफिंगची ही दोन भवितव्ये. आपल्या नद्यांपुढेही याहून वेगळा पर्याय नाही.

आता नकाराबद्दल. प्राणी उजळू लागला की ‘बी’ हे बटण दाबायचे, कायापालट थांबतो. १९९९ च्या गोल्ड आणि सिल्व्हर या खेळांपासून एव्हरस्टोन नावाचा दगडही आहे. तो जवळ ठेवला की पोकेमॉन आहे तसाच राहतो. २०१० मध्ये तर इव्हिओलाइट आला. ज्याचे पुढचे रूप व्हायचे बाकी आहे, त्याचा बचाव या वस्तूने दीडपट होतो. त्यामुळे न बदललेली चॅन्सी बदललेल्या ब्लिसीपेक्षा अधिक मार सोसते. न बदलणे ही नेहमीच हार नसते, हे खेळाने असे हिशोबात बसवून दाखवले आहे.

आपल्या भागानेही एकामागून एक रूपे घेतली. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणला १९९९ मध्ये बजाजचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या बदलावरच आमच्या घरची चूल पेटते, तेव्हा त्याला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. माझे म्हणणे एवढेच की शेताला आणि ओढ्याला ‘बी’ बटण नसते. माचिदाच्या तळ्यांनाही ते नव्हते. ज्याचे तळे न विचारता बुजले त्या मुलाने पुढे खेळ लिहिला, आणि त्या खेळात मात्र बदल थांबवण्याचे बटण आहे. हा योगायोग असेलही. मला तो तसा वाटत नाही.

शिकणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीतही हेच आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. ‘बी. ए. करून पुढे काय होणार?’ हा प्रश्न प्रत्येक लग्नात आणि बारशात मला कुणीतरी विचारतेच. म्हणजे दगड कोणता द्यायचा ते लवकर सांग! ईव्ही नावाच्या छोट्या पोकेमॉनला पहिल्या खेळात तीन वाटा होत्या. पुढे त्या आठ झाल्या. पाणी, वीज आणि आगीचे दगड आहेतच. पण दोन वाटा अशा आहेत की ज्यांना दगड लागतच नाही, लागतो तो सहवास आणि जिव्हाळा. दिवसा त्यातून एस्पिऑन होतो, रात्री अंब्रिऑन. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ईव्हीला ईव्ही म्हणून राहू द्यावे लागते. मला घरच्यांकडून आणि प्राध्यापकांकडून तेवढाच वेळ हवा आहे.

चारिझार्डच्या अभिमान्यांना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे. त्यांनी पुढच्या अंकात अवश्य उलट लिहावे. उत्तर द्यायला मी आणखी एक वर्ष इथेच आहे.