अस्वल झोपण्याआधीची भूक

दोन मित्र आणि अस्वल ही गोष्ट मराठी माणूस शाळेतच ऐकतो. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेतो आणि अस्वल त्याला हुंगून निघून जाते. अमेरिकेच्या जंगलात तंबू ठोकणाऱ्याने मात्र ही गोष्ट विसरलेली बरी. तिथले काळे अस्वल माणसापेक्षा सफाईने झाडावर चढते. ते दिसल्यास पळू नये, हात उंचावून मोठा आवाज करावा. त्याने हल्ला केलाच, तर निपचित न पडता प्रतिकार करावा, असे तिथली राष्ट्रीय उद्याने सांगतात.

असे हल्ले विरळच. नेहमीचा प्रश्न असतो तो अन्नाचा आणि शरद ऋतूच्या अखेरीस तो अधिक बिकट होतो. थंडी पडली म्हणजे अस्वले झोपली, असे गृहीत धरून अनेक कुटुंबे नोव्हेंबरच्या सुट्टीत निर्धास्तपणे जंगलात मुक्कामाला जातात. त्यांत अलीकडे मराठी कुटुंबेही असतात. पण प्रदेशानुसार काही अस्वले डिसेंबरपर्यंत जागी असतात. जिथे खायला मिळत राहते, तिथे काही जण गुहेत जातही नाहीत.

या दिवसांतली त्यांची भूक म्हणजे हावरटपणा नव्हे, ती शरीराची गरज आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण दोन ते अडीच हजार कॅलरी पुरतात. या काळात अस्वल वीस हजारांपर्यंत कॅलरी पोटात ढकलते. पुढे कित्येक महिने त्याला काही न खाता-पिता काढायचे असतात. मादीच्या बाबतीत तर आणखी एक जीव पणाला लागलेला असतो. उन्हाळ्यात फलित झालेले बीज तिच्या गर्भाशयात तसेच थांबून राहते आणि शरद संपताना, अंगावर पुरेशी चरबी असेल तरच रुजते.

अशा प्राण्याला ओकची फळे वेचत दिवसभर फिरावे लागते. त्याच्या पुढ्यात पीनट बटरची अर्ध्या किलोची बरणी आली, तर अडीच हजारांहून अधिक कॅलरी काही मिनिटांत मिळतात. हा हिशेब एकदा कळला की अस्वल पुन्हा येणारच. त्याचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. चिवडा, लोणचे, तुपाचा डबाच नव्हे, तर टूथपेस्ट, साबण, खोकल्याचे गोड औषध आणि बाळाचे वापरलेले डायपरही त्याला ओढून आणतात.

योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाने याची किंमत मोजली आहे. १९९८ या एका वर्षात तिथे अस्वलांनी मोटारी फोडल्याच्या, अन्न पळवल्याच्या दीड हजारांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. नंतर लोखंडी पेट्या, जंगलात आत जाणाऱ्यांना अस्वलाला न उघडणारे डबे आणि नियमांची कडक अंमलबजावणी यांमुळे हा आकडा खूपच खाली आला. अस्वले तीच होती, सवयी माणसांनी बदलल्या.

म्हणून वास येणारी प्रत्येक वस्तू पेटीत किंवा डब्यात बंद हवी, तंबूत एक बिस्किटही नको. स्वयंपाक तंबूपासून शंभरेक पावले दूर करावा. उष्टे-खरकटे जमिनीत पुरू नये, अस्वल ते उकरून काढते. मोटारीची काच बंद असणे म्हणजे बंदोबस्त नव्हे. लहान मुलांचे खिसे झोपण्यापूर्वी तपासावेत.

हे नियम अनेकांना जाचक वाटतात. एका रात्रीत काय बिघडते, एखादा डबा गेला तर गेला, असे म्हटले जाते. पण डबा गेल्याचे दुःख नाही, अस्वल सोकावते. सोकावलेल्या अस्वलाला दूर नेऊन सोडले, तरी ते अनेकदा परत येते. माणसाची भीती गेली की ते धोकादायक ठरते आणि शेवटी बऱ्याचदा त्याला मारावे लागते. पर्यटक सुट्टी संपवून घरी पोहोचलेला असतो, विसरलेल्या डब्याची शिक्षा अस्वल भोगते. झोपण्यापूर्वी पेटीची कडी लावायला एक मिनिट लागते. ज्याला तेवढाही कंटाळा येतो, त्याने हॉटेलात मुक्काम करावा.