गाळ वाळला, धोका टळला?

कृष्णेला २००५ व २०१९ साली महापूर आले. पूर ओसरला की लोक अनवाणीच गाळ उपसू लागतात. ‘डॉक्टरसाहेब, ऊन पडलं, आता कसली भीती?’ असे मला विचारतात. ऊन हे औषध खरे, पण अर्धेच! उंदरांच्या मूत्रातून येणारे लेप्टोस्पायराचे जंतू ओल्या चिखलात कित्येक आठवडे तग धरतात. गाळ पूर्ण वाळला की मरतात. धनुर्वाताच्या जंतूंचे तसे नाही. त्यांचे बीजाणू कोरड्या मातीतही वर्षानुवर्षे टिकतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की पूरग्रस्तांना धान्याबरोबर गमबूटही मिळायला हवेत. आपणही जखम झाकावी, धनुर्वाताची लस घ्यावी आणि ताप आल्यास तो अंगावर काढू नये.