न आलेला जमाव

5 ऑगस्ट 2024 च्या संध्याकाळी बर्मिंगहॅमच्या बॉर्ड्सली ग्रीन भागात शेकडो तरुण रस्त्यावर उतरले. अतिउजव्यांचा मोर्चा इकडे येतोय, असे निरोप मोबाइलवरून फिरत होते. मोर्चा आलाच नाही. पण वाट बघत थांबलेल्या गर्दीतल्या काहींनी एका पबवर हल्ला केला, वार्ताहरांच्या गाडीचं टायर फाडलं. आठवडाभरापूर्वी, 29 जुलैला, साउथपोर्टमध्ये नाचाच्या वर्गात तीन लहान मुलींचा खून झाला होता. संशयिताचं एक बनावट नाव आणि तो होडीतून आलेला आश्रयार्थी असल्याची थाप पाठोपाठ देशभर पोचली. संशयित मुलगा प्रत्यक्षात कार्डिफमध्ये जन्मलेला होता. तरीही दंगली पेटल्याच.

त्या आठवड्यात आमच्या बर्मिंगहॅममधल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोपांचा पाऊस पडत होता. सोहो रोडला जाऊ नका. मुलांना बागेत पाठवू नका. कुणाच्या तरी ओळखीच्या पोलिसाने सांगितलंय. तो पोलीस कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. 7 ऑगस्टला वकिलांच्या कचेऱ्यांवर हल्ले होणार अशी यादी फिरली आणि दुकानदारांनी दुपारीच शटर खाली ओढली. त्या संध्याकाळी देशभर रस्त्यावर आले ते वर्णद्वेषाविरुद्ध उभे राहणारे हजारो लोक. आपल्या ज्वेलरी क्वार्टरमध्येही शेकड्यांनी जमले.

म्हणून त्या आठवड्यातली भीती खोटी होती असं मी म्हणणार नाही. रॉदरहॅममध्ये आश्रयार्थी राहत असलेल्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला होता, तो खराच होता. छातीतली धडधड बातमी खरी की खोटी हे विचारून सुरू होत नाही.

अफवा या शहराला नवी नाही. 2005 च्या ऑक्टोबरमध्ये लोझेल्समध्ये एका मुलीवर दुकानात अत्याचार झाल्याची वदंता बेकायदा रेडिओ केंद्रांवरून पसरली. पोलिसांना अशी कुठलीही पीडित सापडली नाही. दंगलीत मात्र दोघांचा जीव गेला, त्यातला एक सिनेमा पाहून घरी परतणारा 23 वर्षांचा तरुण होता. आणि आपल्याकडचं राईनपाडा कोण विसरेल? 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्याचा साक्री तालुका, मुलं पळवणारी टोळी आल्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप, आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांची ठेचून हत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे निरोप पुढे ढकलणारा अंगठा किती घातक ठरू शकतो, हे कंपनीलाही कळलं होतं.

परदेशी राहणाऱ्या माणसाच्या वाट्याला ही धास्ती दोन देशांची येते. मला ती सर्वांत जास्त जाणवली 2025 च्या मे महिन्यात. पहलगामला 22 एप्रिलला 26 जण मारले गेले, त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलचे मिळून सहा महाराष्ट्रातले. मग 7 मेला भारताने पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मीरमध्ये हल्ले केले. तिकडे मध्यरात्र उलटली होती, इथे 6 तारखेचे संध्याकाळचे साडेआठ-नऊ. बाहेर उजेड पुरता मावळलाही नव्हता. म्हणजे आमची अख्खी रात्र फोनसमोर जाणार हे ठरूनच गेलं. पुढच्या रात्रींत काही भारतीय वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याचं सांगून टाकलं. ते झालं नव्हतं. व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्धाची म्हणून फिरली.

आमच्या शेजारच्या काकू मूळच्या पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरच्या. या शहरातली कितीतरी पाकिस्तानी कुटुंबं त्याच भागातली. 1960 च्या दशकात तिथे मंगला धरण झालं, एक लाखाहून अधिक माणसं उठवली गेली आणि त्यांतली पुष्कळशी इंग्लंडच्या कारखान्यांत आली. कोयनेच्या धरणग्रस्तांच्या कहाण्या ऐकत वाढलेल्या मला हे कळायला अवघड गेलं नाही. काकूंच्या फोनवर भारतीय वैमानिक पकडल्याच्या बातम्या होत्या. त्याही खोट्याच. सकाळी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना त्या कुंपणापाशी थांबल्या आणि विचारलं, "बेटा, घरवाले खैरियत से हैं?" माझा मामेभाऊ पठाणकोटला होता, त्यांची बहीण कोटलीला. पाच-दहा मिनिटं आम्ही एकमेकींच्या माणसांची चौकशी केली. युद्ध कोण जिंकतंय यावर एक शब्द झाला नाही. रात्रभर फोन बघून उतरला नव्हता तो ताण त्या बोलण्याने उतरला, आणि असं का झालं याचा विचार मी अजून करते.

अमेरिकेत 2013 मध्ये बोस्टन मॅरेथॉनवर बॉम्बहल्ला झाला, तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी हजारो लोकांची पाहणी केली होती. हल्ल्यानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक वेळ त्याच्या बातम्या पाहणाऱ्यांनी, स्फोटाच्या जागी किंवा जवळ असलेल्यांपेक्षाही जास्त तीव्र ताण नोंदवला. हे वाचलं तेव्हा मला पुण्यातली आई आठवली. मे महिन्यात मी जेवढी घाबरले होते तेवढी ती नव्हती. तिला दूध आणायचं होतं, शेजारणीशी बोलायचं होतं, रात्री दिवा मालवून झोपायचं होतं. इथे माझ्या हातात फोनखेरीज काही नव्हतं. ज्या बातमीवर आपल्याला काहीच करता येत नाही, ती पोटात तशीच पडून राहते आणि आंबते.

तरीही "बातम्या बघणं सोडून द्या" हा सल्ला मला पटत नाही. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या 2025 च्या अहवालात जगभरच्या पाहणीतल्या 40 टक्के लोकांनी आपण कधीतरी किंवा अनेकदा बातम्या टाळतो असं सांगितलं. ब्रिटनमध्ये तर 46 टक्के. ज्याचं घर, नागरिकत्व, नोकरी पक्की आहे त्याला टाळता येत असेल. व्हिसावर राहणाऱ्या कुटुंबाला ती चैन परवडत नाही. 12 मे 2025 ला ब्रिटिश सरकारने श्वेतपत्रिका काढली आणि कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहावर नेण्याचा मनोदय जाहीर केला. नोव्हेंबरमध्ये गृहमंत्री शबाना महमूद यांनी त्याचा तपशील मांडला. इथे आधीपासून असलेल्या पण अजून कायम वास्तव्य न मिळालेल्यांनाही नवे नियम लागू करण्याचा प्रस्ताव त्यात होता. या बाई आपल्याच शहरातल्या लेडीवूडच्या खासदार. तो तपशील आला त्या दिवशी क्वीन एलिझाबेथ हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या एका मराठी नर्सचा मला रडत फोन आला. "ताई, आम्हाला परत पाठवणार का?" तिला कुणीतरी तीस सेकंदांची रील पाठवली होती. आम्ही दोघींनी गृहखात्याचा मूळ कागद उघडला आणि परिच्छेद-परिच्छेद वाचला. त्यात काळजी करण्यासारखं बरंच होतं. परत पाठवण्याचं कुठे नव्हतं. शिवाय हा प्रस्ताव होता, 12 फेब्रुवारी 2026 पर्यंत लोकांची मतं मागवली होती. तिने आपलं मत लिहून पाठवलं, आणि त्या रात्री झोपली.

बातमी आली की मी आता स्वतःला एवढंच विचारते: यात माझ्याकडून काही करण्यासारखं आहे का? असेल तर मूळ कागद शोधून वाचायचा आणि ते काम करायचं. नसेल तर सकाळी एकदा, संध्याकाळच्या जेवणाआधी एकदा बघायची. अंथरुणात फोन नाही. भारतात पहाट होते तेव्हा इथे झोपायची वेळ असते, आणि तिकडचं सगळं ताजं भय नेमकं त्याच वेळी येऊन पडतं. आमच्या ग्रुपवर आम्ही नियम केला आहे, की अनेकदा पुढे ढकललेला, दुहेरी बाणाची खूण असलेला निरोप मूळ दुव्याशिवाय टाकायचा नाही. सुरुवातीला दोघा-तिघांना राग आला. आता ग्रुप बराच शांत आहे आणि माणसं एकमेकांना फोन करू लागली आहेत, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

एवढं करूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, कामात लक्ष राहत नसेल, तर ते अंगावर काढू नका. इंग्लंडमध्ये एनएचएसच्या टॉकिंग थेरपीज सेवेसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीची गरज नाही. 18 वर्षांवरील कुणीही स्वतः नाव नोंदवू शकतं, पैसे पडत नाहीत आणि दुभाष्या मागता येतो. बर्मिंगहॅममध्ये ती बर्मिंगहॅम हेल्दी माइंड्स या नावाने चालते. आपल्या घरांत "वेड लागलंय का" म्हणून हे टाळलं जातं. मधुमेहाची गोळी घेताना आपण लाजत नाही, यातही लाजू नये.

आणि एक काम तर प्रत्येकाच्या हातात आहे. आपल्यातल्या अनेकांना अजून ठाऊक नाही, की भारतीय पासपोर्टवर इथे कायदेशीर राहणाऱ्याला राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून ब्रिटनच्या निवडणुकांत मत देता येतं, संसदेच्यासुद्धा. कचरा उचलणाऱ्यांचा संप, रिकामी पडलेली तिजोरी, बंद पडणारी केंद्रं यांच्या चित्रफिती पाहून वर्षभर आपण हळहळलो. त्या बर्मिंगहॅम महापालिकेच्या 101 जागांची निवडणूक 7 मे 2026 ची. मतदान केंद्रावर भारतीय पासपोर्ट ओळखपत्र म्हणून चालतो. नाव ऑनलाइन नोंदवायला पाच-सात मिनिटं लागतात. त्या निवडणुकीसाठी नोंदणीची शेवटची तारीख 20 एप्रिल 2026. आज रात्री फोन हातात घ्याल तेव्हा आधी तेवढं करा, आणि घरातल्या बाकीच्यांचंही करून घ्या.