पुस्तकांची यादी

भुसावळहून एका बंधूंचे पत्र आले आहे. मुलीला एमबीबीएसला प्रवेश मिळाला. घराण्यातली ही पहिलीच डॉक्टर होणार. बंधू गॅरेजमध्ये काम करतात, घरी वहिनी शिलाई करतात. पहिल्याच आठवड्यात सीनियर मुलांनी पुस्तकांची यादी हातात ठेवली. त्यात एकट्या ॲनाटॉमीची, म्हणजे शरीररचनाशास्त्राची, अकरा पुस्तके! पतपेढीचे कर्ज काढून सगळी घ्यावीत काय, असे त्यांनी विचारले आहे.

बंधू, कर्ज काढू नका. माझ्या वडिलांनी सायकल विकून मला एक जाडजूड ग्रंथ आणून दिला होता. पहिल्या चाचणीपर्यंत माझी त्यातली जेमतेम चाळीस पाने झाली आणि मी नापास झालो. सायकल गेली होती, म्हणून घरी सांगायची हिंमत झाली नाही.

तो ग्रंथ म्हणजे 'ग्रेज ॲनाटॉमी'. १८५८ साली लंडनला निघाला. लिहिला हेन्री ग्रे यांनी, पण आकृत्या हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांच्या. हेच कार्टर पुढे मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात ॲनाटॉमी शिकवू लागले. ग्रंथ थोर आहे, पण तो संदर्भाला ग्रंथालयात बघायचा. 'ग्रेज ॲनाटॉमी फॉर स्टुडंट्स' हे २००५ साली निघालेले पुस्तक वेगळे. दुकानात नावात गफलत होते, तेवढे सांभाळा.

रोजच्या वाचनाला आपल्याकडची बहुतेक मुले बी. डी. चौरसिया यांचे पुस्तक घेतात. ते ग्वाल्हेरच्या मेडिकल कॉलेजात शिकवीत. वाक्ये सोपी, आकृत्या साध्या रेषांच्या. परीक्षेत पेन्सिलीने जशाच्या तशा काढता येतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला याचा मोठा आधार. खोट एवढीच की सगळे मुद्द्या-मुद्द्यांत तोडलेले आहे. विश्राम सिंग यांचे पुस्तकही चांगले, काहींना तेच जास्त उमजते. कोणते घ्यावे, हे सीनियरने ठरवू नये. मुलीने ग्रंथालयात बसून काखेचा एकच धडा दोन्हींतून वाचावा, पुस्तक मिटावे आणि आकृती काढून बघावी. ज्यातून आकृती हातात उतरली, ते तिचे पुस्तक.

तेही सगळे भाग एकदम घेऊ नका. चौरसियांच्या पहिल्या भागात हात आणि छाती येते. वर्गात हातापासून सुरुवात असेल तर तेवढा एक भाग पुरे. आणि जुना घ्या. मांडीचे हाड आवृत्तीगणिक बदलत नाही! २०१९ पासून अभ्यासक्रमात रोग्याशी जोडलेले प्रश्न वाढले, तेवढी भर नव्या प्रतीतून उतरवून घेता येते. मात्र जुन्या संचात मेंदू तिसऱ्याच भागात असायचा, नव्यात त्याचा वेगळा भाग केला आहे. विकत घेताना तो भाग पाहून घ्या.

पैसे वाचवायला झेरॉक्स काढतात. ॲटलासची काळी-पांढरी झेरॉक्स कधी काढू नका. त्यात धमनी लाल, नीला निळी आणि मज्जातंतू पिवळा दाखवलेला असतो. रंग गेला की तिन्ही दोऱ्या सारख्याच. ॲटलास दोन मैत्रिणींत एक घ्यावा. शवविच्छेदनाच्या टेबलावर कनिंगहॅमचे मॅन्युअल लागते, ते आणि हाडांचा संच सीनियरकडून मागून घ्यावा. कॉलेजात बुक बँक आहे का, हे ग्रंथपालांना पहिल्याच दिवशी विचारावे. विचारण्यात लाज कसली?

पूर्वी पहिल्या एमबीबीएसला दीड वर्ष मिळे. १९९७ च्या नियमांनी ते एक वर्षावर आले. तेव्हा अकरा पुस्तके वाचणार कधी?

खरी भीती असते ती नावांची. त्यासाठी एक दोनशे पानी वही घालावी आणि प्रत्येक नाव फोडून मराठीत लिहावे. 'फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडस' ऐकून घाम फुटतो. फ्लेक्सर म्हणजे वाकवणारा, डिजिटोरम म्हणजे बोटांचा, प्रोफंडस म्हणजे खोल. बंधू, तुम्ही पाना आवळून धरता तेव्हा बोटे मिटवणारा हाच. तो बोटांत नसतो, कोपराखाली असतो. दुसरा हात तिथे ठेवून मूठ आवळा, आत हालचाल लागेल.

मुलगी सुट्टीत घरी आली की तिला तुमच्या हातावर बॉलपेनने तो काढायला सांगा. आणि जुना पहिला भाग कितीला मिळाला, तेही कळवा.